गजरा महाग का, आणि तो विकायचा कुठे?

महोदय,

परवा संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर एक गृहस्थ गजरेवाल्या मावशींशी हुज्जत घालत होते. "एवढ्याशा गजऱ्याचे 30 रुपये?" मावशी उत्तर देणार, तोच "गाडी आली, गाडी आली" अशी हाकाटी झाली आणि फेरीवाल्यांवरच्या कारवाईच्या धास्तीने त्या पाटी उचलून पळाल्या. पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा तसाच लोंबत होता. त्यांचं राहिलेलं उत्तर मी देते, कारण माझं माहेर वसईचं, वाडीतलं.

मोगरा पहाटे खुडावा लागतो. कळी मिटलेली, पण टपोरी आणि पांढरीशुभ्र हवी. हिरवट खुडली तर ती नीट उमलत नाही, आणि ऊन चढल्यावर खुडली तर बाजारापर्यंत टिकत नाही. आम्ही बहिणी बॅटरीच्या उजेडात कमरेला फडकं बांधून खुडायचो, डास चावायचे ते वेगळंच. किलोभर माल व्हायला कळ्या हजारांनी लागतात. मग ओल्या फडक्यातली टोपली घेऊन आई पहाटेच्या गाडीने दादरचा फूलबाजार गाठायची. उन्हं वर आली की भाव पडलाच. आजही वसईचा मोगरा असाच दादरला जातो आणि तिथून पुन्हा ठाण्याला येतो.

थंडीत कळी कमी धरते आणि नेमक्या लग्नतिथी असतात, म्हणून भाव चढतो. चैत्र-वैशाखात इतका माल येतो की कधी खुडणीची मजुरीही सुटत नाही. तो स्वस्त गजरा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही! त्याच दिवसांत चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं. कैरीची डाळ, पन्हं आणि प्रत्येकीच्या हातात गजरा. माठातही दोन कळ्या टाकायचे. आता हळदीकुंकवाला कापडी गजरे वाटलेले मी पाहिले. धुऊन पुन्हा वापरता येतात म्हणे.

आमच्या इमारतीतल्या उडुपीच्या वहिनी सांगतात, त्यांच्याकडे मल्लिगे, म्हणजे मोगरा, मोजून विकतात. 800 फुलांचा एक चेंडू, चार चेंडूंचा एक अट्टे, आणि रोजचा भाव जाहीर होतो. उडुपी मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे, मदुराईच्या मल्लीलाही ते 2013 मध्ये मिळालं. आपल्याकडे जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी काही गुंठ्यांवर मोगरा लावला. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. भात निघाला की तिथली माणसं बिऱ्हाड घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मोगऱ्याचा मोठा बहर त्यातल्याच उन्हाळ्याच्या महिन्यांत येतो, त्यामुळे ज्याच्याकडे तो आहे त्याला गावात थांबता येतं. पण त्या कळीला संध्याकाळी गिऱ्हाईक मिळालं तरच.

ते गिऱ्हाईक स्टेशनावर किंवा देवळाच्या दारात असतं. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटर आणि देवळापासून 100 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतरचा तो निर्णय, त्याला माझी हरकत नाही. मीही अशाच पुलावरून जाते. मात्र मोबाइलची कव्हरं उद्या विकता येतात, गजरा नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्रीसाठी जागा आखून देण्याची सोय आहे. तिचा आधार घेऊन 150 मीटरच्या रेघेपलीकडे, गोखले रोड किंवा राम मारुती रोडसारख्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर, गजरेवाल्यांसाठी पाटीएवढी जागा आखून द्यावी. वेळ फक्त संध्याकाळी 5 ते 9. नऊनंतर त्यांना कोणी उठवायची गरजच पडणार नाही. तोवर कळी उमललेली असते, आणि उमललेला गजरा कोणी घेत नाही.

– वसईची एक माहेरवाशीण, नौपाडा, ठाणे