ईआरसीपीनंतरचा दाह टाळता येतो

आरोग्य पुरवणीतील, पित्तनलिकेतील खडे दुर्बिणीतून काढण्याच्या ‘ईआरसीपी’ प्रक्रियेवरचा लेख वाचला. माहिती उपयुक्त आहे. पण त्यानंतर होऊ शकणाऱ्या स्वादुपिंडाच्या दाहाला जेमतेम एक ओळ मिळाली आणि तो टाळण्याचा उपाय राहूनच गेला. ईआरसीपीनंतरची हीच सर्वाधिक आढळणारी गंभीर गुंतागुंत. क्वचित ती जिवावरही बेतते.

इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक या दाहशामक औषधाची १०० मिलिग्रॅम मात्रा गुदमार्गे दिल्यास हा धोका बराच घटतो. अमेरिकेत प्रामुख्याने जास्त जोखमीच्या ६०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंडोमेथासिन मिळालेल्या ९.२ टक्के रुग्णांना हा दाह झाला. न मिळालेल्यांत हेच प्रमाण १६.९ टक्के होते. युरोपातील एन्डोस्कोपी तज्ज्ञांची संघटनाही प्रक्रियेच्या अगदी आधी हे औषध देण्याची शिफारस करते. डायक्लोफिनॅक तर जुने, स्वस्त औषध आहे.

मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा अशा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. मात्र संमतिपत्रावर सही घेताना हे औषध देणार की नाही आणि नसल्यास का, हे रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

— एक वाचक, सातारा