वसतिगृह विकलं, पैसे कुठे आहेत?

प्रति,
मा. विधी व न्यायमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे एका ट्रस्टचं वसतिगृह होतं. माझे वडील तिथे राहून मॅट्रिक झाले. दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी होती आणि खाली ‘गरीब विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’ एवढीच ओळ. आठ वर्षांपूर्वी ती जागा विकली गेली. इमारत मोडकळीला आली आहे, येणाऱ्या रकमेतून गावाबाहेर नवं वसतिगृह बांधू, असं विश्वस्तांनी सांगितलं होतं. आज जुन्या जागी दुकानांचे गाळे आहेत, नव्या जागी नुसतं तारेचं कुंपण. पाटी मला शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यात बसवलेली सापडली. उलटी.

कायदा नाही असं नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ कडक आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावरही या मंजुरीशिवाय देता येत नाही. माहिती दडवून मिळवलेली मंजुरी रद्द होऊ शकते. २०१७ च्या दुरुस्तीने मात्र अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी द्यायची वाट उघडली, आणि तिची मला भीती वाटते.

पण आमचं घोडं अडलं ते खरेदीखत झाल्यावर. ट्रस्टच्या हिशेबांच्या नकला आम्ही काढल्या. पहिल्या वर्षी सगळी रक्कम मुदत ठेवीत. पुढच्या वर्षी ठेव कमी, ‘इतर शाखेस उसनवार’ अशी एक ओळ वाढलेली. त्यानंतर ‘प्रशासकीय खर्च’. दरवर्षी ऑडिट झालं, सही-शिक्का झाला. ठेव ज्या वसतिगृहासाठी होती, त्याची एक वीटही हिशेबात नाही.

म्हणून मागणं असं: विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात राहावी आणि विक्रीच्या मंजुरीच्या आदेशातल्या कामाखेरीज तिथून एक रुपयाही निघू नये. त्या आदेशातल्या अटी कुठवर पाळल्या याचा अहवाल काम पुरं होईपर्यंत दरवर्षी ऑनलाइन दिसावा. विक्रीची नोटीस वर्तमानपत्राबरोबर त्या इमारतीच्या फाटकावरही लागावी. आम्हाला तर विक्री कळली ती जेसीबी आल्यावर.

आमच्या तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. नव्या वसतिगृहाचा पाया कधी भरला जाणार, एवढं आम्हाला लेखी कळवावं. आसपासच्या खेड्यांतल्या अकरावीच्या मुली आजही पहाटे साडेपाचच्या एसटीने येतात.

आपली नम्र,
तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका