माळ लांबली, बिलिरुबिनही

गिरगाव, शुक्रवार रात्र

प्रिय बाळ्या,

सात महिने ना पत्र, ना फोन. आधी मनसोक्त शिव्या घालून घे. माझी शुगर आहे तशीच आहे, गुडघाही.

आईला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, खाज इतकी की रात्री फणीने पाठ खाजवून मागायची. संडास शाडूसारखी पांढरट होत होती, ते मात्र तिने लपवलं. ताईमावशीने काविळीची माळ आणली, लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणतात ती. हो, तीच माळ, जिच्यावरून अकरावीत आपण तीन दिवस बोलत नव्हतो. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो, म्हणून ती लांबते, हे तू माझ्याच वहीत आकृती काढून दाखवलं होतंस. तरी मीच ती आईच्या गळ्यात घातली. आठ दिवस रोज बघत होतो आणि म्हणत होतो, ‘उतरतेय.’

नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. हॉस्पिटलात नर्सने बांगड्यांबरोबर माळही उतरवायला लावली. बेंबीपर्यंत आली होती. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, ११! एरवी एकच्या आसपास असतं.

पित्ताशयातले दोन खडे घसरून पित्तनलिकेत अडकले होते. वाट बंद, म्हणून पित्त उलटं रक्तात. त्यात तुंबलेल्या नळीत जंतू. दिवाळीत तू म्हणाला होतास, ‘सोनोग्राफीत खडे दिसलेत तर सर्जनला दाखव.’ मी म्हटलं होतं, ‘तू काय डॉक्टर लागून गेलास?’ घे, आता हस.

अँटिबायोटिक्स चालू करून दुसऱ्या दिवशी ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत, तिथे नळीच्या तोंडाला बारीक छेद, आणि फुगा फुगवून खडे खाली ओढले. पोटावर एक टाका नाही. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते म्हणून रात्रभर मी तिच्या पोटाकडे बघत बसलो. सकाळी तिने चहा मागितला आणि विचारलं, ‘खडा दाखवा की.’ डॉक्टर म्हणाले, ‘आतड्यात सोडला, आजी. जाईल वाटेने.’ तिला ते अजून पटलेलं नाही.

आता खरी गोष्ट. नळीत प्लास्टिकचा स्टेंट आहे, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी; तो तीन महिन्यांच्या आत काढायलाच हवा, नाहीतर तुंबतो. आणि पित्ताशयात खडे उरलेत. पित्ताशयच पंधरा दिवसांत दुर्बिणीने काढून टाका म्हणतात, नाहीतर पुन्हा हेच. आई म्हणते, ‘एक पिशवी पन्नाशीत काढलीत, आता ही दुसरी? मला रिकामीच करा.’ सगळे हसतात. मी नाही हसू शकत, कारण मला माहीत आहे ती कशाला घाबरते. तुझ्या अण्णांच्या ऑपरेशनच्या रात्री तीच तुझ्या आईजवळ बसली होती ना, पहाटे चारपर्यंत. आणि माळ घालणाऱ्याने तिला आता शास्त्र सांगायचं कुठल्या तोंडाने?

तू फोन कर. अण्णांचं नाव तू काढलंस तरच ती ऐकेल. तुझ्याकडे हे मागणं वाईट आहे, कळतंय मला.

चिमीचं बारावीचं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी कर. दुपारी ती झोपते.

तुझा,
पक्या