मूळव्याधीच्या एका रबर बँडसाठी नागपूर का गाठावे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस शल्यचिकित्सक बसतील आणि मूळव्याधीवर तेथेच उपचार होतील, असे आश्वासन गेल्या उन्हाळ्यात आरोग्य मेळाव्याच्या व्यासपीठावरून देण्यात आले होते. आता कापसाची वेचणी सुरू झाली आहे. मागच्या आठवड्यात रक्त जास्त जाऊ लागले म्हणून मी तेथे गेले, तेव्हा पद रिक्त असल्याचे सांगून माझ्या हाती मलमाची नळी आणि नागपूरला जाण्याची चिठ्ठी ठेवण्यात आली.

दुसऱ्या बाळंतपणापासून मला हा आजार आहे. शौचाच्या वेळी रक्त पडते, कोंब बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. डॉक्टर याला दुसऱ्या अवस्थेची अंतर्गत मूळव्याध म्हणतात. आतल्या कोंबांना सहसा वेदना होत नाहीत, म्हणून बाई कोणाला काही न सांगता वावरात जात राहते. माझे हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरले आणि पराटीच्या तासात मी चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे घरच्यांना कळले. सासूसमोर जे बोलता येत नाही, ते अनोळखी पुरुष डॉक्टरसमोर बोलायचे आणि तपासणीसाठी पडायचे, यासाठी मनाची किती तयारी करावी लागते, हे ती चिठ्ठी देणाऱ्याला ठाऊक नसावे.

महोदय, माझ्या आजाराला मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. कोंबाच्या मुळाशी छोटे रबरी कडे, म्हणजेच रबर बँड, बसवले की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो आठवडा-दहा दिवसांत गळून पडतो. भूल लागत नाही आणि त्याच दिवशी घरी परतता येते. पहिल्या अवस्थेत, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर, इंजेक्शनने कोंब सुकवण्याचा मार्ग आहे, मात्र त्यात त्रास उलटण्याची शक्यता अधिक. इन्फ्रारेड किरणांचा शेक लहान कोंबांपुरता ठीक. शहरातील एका खाजगी दवाखान्याने मला यांपैकी एकाचेही नाव सांगितले नाही; सरळ लेझरचे ६५,००० रुपयांचे पॅकेज पुढे केले. लेझरला भूल लागते, आणि त्याचा गुण किती वर्षे टिकतो याचा पुरावा अजून तोकडा आहे.

रबर बँड सर्वांत सरस आहे, असा माझा दावा नाही. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरानंतर बँड बसवलेल्या ४९ टक्के रुग्णांचा त्रास उलटला, तर डॉप्लरच्या (रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने कोंबाला रक्त पुरवणारी धमनी शोधून बांधलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांचा. पण त्याच चाचणीत हेही दिसले की गरज पडल्यास बँड पुन्हा बसवला तर हा फरक फारसा उरत नाही, आणि धमनी बांधण्यात सुरुवातीच्या वेदना व खर्च दोन्ही जास्त. म्हणजे जो उपचार पुन्हा करावा लागू शकतो, तोच आमच्यापासून सर्वांत दूर ठेवला गेला आहे. बँडनंतर क्वचित ताप येतो, लघवी अडते, वेदना वाढत जातात, आणि तेव्हा त्याच रात्री डॉक्टर गाठावा लागतो. आमच्या गावातून शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते.

या रिकाम्या जागेत बसस्थानकामागचा वैदू येऊन बसला आहे. तो कोंबांवर जळजळीत औषध लावतो आणि रोज मजुरी करणाऱ्या बाया त्याला पैसे मोजतात. शौचावाटे जाणारे रक्त गुदाशयाच्या कर्करोगाचेही असू शकते. ते तो तपासणार आहे का? ३० खाटांच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक असावा, असे सरकारचीच मानके सांगतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण डॉक्टरच नसेल तर मोफत काय मिळते? १९५३ च्या नागपूर करारापासून विदर्भाला वचने मिळत आली आहेत, आणि विदर्भ विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. दर हिवाळ्यात सरकार नागपुरात अधिवेशनाला येते, तेव्हा आम्ही त्याच शहरातल्या रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असतो. अनुशेष सिंचनाचा आणि रस्त्यांचा मोजला जातो. आमच्या अंगातून वाहून गेलेल्या रक्ताचा कोणी मोजत नाही.

माझी मागणी छोटी आहे. शल्यचिकित्सकाचे पद भरेपर्यंत जिल्हा रुग्णालयातून आठवड्यातून एक दिवस डॉक्टर पाठवावा, तपासणीच्या वेळी महिला कर्मचारी हजर असावी, आणि प्रॉक्टोस्कोप (गुदद्वार आतून तपासण्याची नळी), बँड बसवण्याचे उपकरण व रबरी कडी ग्रामीण रुग्णालयातच ठेवावीत. तो दिवस कोणता, हे येत्या अधिवेशनाआधी लेखी कळवावे आणि तो कागद रुग्णालयाच्या दारावर लावावा.

आपली,
एक शेतकरी महिला,
यवतमाळ जिल्हा