तात्या, बाळू आणि एक इंग्रजी शब्द

खानापूर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. माझा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो.

हे पत्र तुलाच लिहितो आहे, कारण तात्यांना माझ्याखालोखाल तूच ओळखतोस. नंदगडच्या लग्नात तात्या आणि बाळू एकाच पंगतीला बसले आणि पान उचलेपर्यंत एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. बाळू म्हणतो, "दादा आधी घरी येऊ दे, चहा घेऊ, मग बांधाचे बघू." तात्या म्हणतात, "आधी तोडलेल्या आंब्याची भरपाई, मग चहा." समेटाचा कागद लिहिण्याचे काम भावकीने माझ्या गळ्यात मारले आहे, आणि पहिली ओळच सुचत नाही.

त्यातच नातीने 'अटोनमेंट' या शब्दाचा अर्थ विचारला. मी सवयीने 'प्रायश्चित्त' असे सांगितले आणि मग कोश उघडला. आठवते का, हा शब्द लॅटिनच असणार म्हणून कॉलेजात तू माझ्याशी कुंद्याची पैज लावली होतीस? शेवटचा 'मेंट' तेवढा लॅटिनकडचा. बाकीचा शब्द साधा इंग्रजी 'ॲट वन', म्हणजे दोघे एक झालेले, एवढाच. तेव्हा 'वन'चा उच्चार 'ओन'च्या जवळपास होता आणि तो 'अलोन', 'ओन्ली' यांत अजून टिकून आहे. तुझ्याकडून कुंद्याची भरपाई मागत नाही. तात्यांना कळले तर माझाच दाखला देतील.

विल्यम टिंडलने बायबलातल्या नव्या कराराच्या १५२६ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द समेट याच अर्थाने वापरला. (पुढे दहा वर्षांनी त्या माणसाला ठार मारण्यात आले, समेट करणाऱ्यांचे भवितव्य पाहून घे.) शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात नवरा ऑथेल्लो आणि त्याच्या हाताखालचा कॅसिओ यांच्यात बिनसल्यावर डेस्डेमोना म्हणते की या दोघांना 'अटोन' करण्यासाठी मी पुष्कळ काही करीन. म्हणजे त्या काळी हे क्रियापद माणसांवर चालत असे आणि करणारा तिसरा असे, माझ्यासारखा. आज मात्र माणूस एकटाच आपल्या अपराधाबद्दल 'अटोन' करतो. समोरचा माणूस वाक्यातून निघून गेला आणि त्याच्या जागी अपराध येऊन बसला. १६११ च्या इंग्रजी बायबलात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 'अटोनमेंट' होता. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत तेथे 'रिकन्सिलिएशन', म्हणजे समेट, आला; तोवर पहिल्या शब्दात भरपाईच ऐकू येऊ लागली होती.

वसंता, आमच्या भावकीत नेमके हेच घडले आहे. बाळू १५२६ चा अर्थ धरून बसला आहे आणि तात्या आजचा. पंच म्हणतात, कागदावर भरपाईची रक्कम आधी लिही; पण ती पहिल्या ओळीत गेली की बाळू सही न करता उठेल, आणि शेवटी ठेवली तर तात्या पहिल्या ओळीपुढे वाचणार नाहीत. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, त्यामुळे कोणाला रागवायचीही सोय नाही. तो आंबा आपण तिघांनी लावलेला होता, हे आता तात्यांना सांगण्याची हिंमत फक्त तुझ्यात आहे.

सुनेच्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार. कोल्हापूरहून निघणे जमत नसेल तर तात्यांना पत्र टाक. फोन करू नकोस, फोनवर ते ऐकत नाहीत, नुसते ओरडतात. बैठक येत्या रविवारी आहे.

तुझा,
दत्ता