झाडांना आवळलेली नायलॉनची दोरी सोडवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीसमोर बकुळीची झाडं आहेत, लावताना पिंजऱ्याला बांधलेली नायलॉनची दोरी पुढे कुणी सोडलीच नाही आणि आता ती खोडात इतकी रुतलीय की दिसत पण नाही, नुसती खोडाला कंबर आल्यासारखी वाटते. त्यात बॅनरवाले येऊन वरून आणखी एक दोरी आवळून जातात.

परवा मी ती कटरने कापत बसलो होतो तर आमचा वॉचमन (साहिबगंजकडचा आहे, झारखंड) म्हणाला, काका, आमच्या राजमहालच्या डोंगरात जिती नावाचा जंगली वेल होतो, त्याच्या वाखाची (सालीतल्या धाग्यांची) दोरी करतात, आजोबांच्या धनुष्याला तीच होती. मला वाटलं गावाकडच्या गप्पा, पण शोधलं तर खरंच की! कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनच्या विल्यम रॉक्सबर्गने दोनशे वर्षांपूर्वीच याची नोंद केलीय. वेल आपल्या रुईच्या कुळातला, तोडला की चीक येतो, शेंग फुटली की म्हाताऱ्या उडतात. शास्त्रीय नाव मार्सडेनिया टेनॅसिसिमा, त्यातल्या टेनॅसिसिमाचा अर्थच मुळी अतिशय चिवट. कोवळ्या फांद्यांची साल सोलायची, गर खरवडून काढायचा, उरतो तो वाख.

आपल्याकडेही केवण आहेच की, म्हणजे मुरुडशेंग, वेल नाही झुडूप आहे पण त्याच्या सालीने मोळ्या बांधतात. (लगेच येऊरला साल सोलायला जाऊ नका, नॅशनल पार्क आहे ते.)

गंमत बघा, वाख निघतो तो सालीतून आणि झाडाचं अन्न मुळांपर्यंत जातं तेही त्याच सालीतून, नायलॉन नेमकी तीच आवळते. सुतळी बांधली तर पावसात कुजून आपोआप गळून पडते, नायलॉन मात्र झाड मेलं तरी तशीच.

तर संबंधितांना एवढीच विनंती की यंदा रोपं बांधताना सुतळी वापरा, तीही सैल, आणि जुन्या झाडांच्या दोऱ्या पावसाळ्याआधी एकदा फिरून कापा.

आमच्या बकुळीची अर्धी दोरी मी आणि वॉचमनने काढली, बाकीची खोडाच्या आत गेलीय. ती कशी काढायची हे कुणा माळीदादांना माहीत असेल तर याच सदरात कळवा.

– एक वाचक, ठाणे (प.)