मॉलिब्डेनमचा भाव : कशाचा आणि कोणत्या मापाचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मिश्र पोलादाला लागणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूच्या जागतिक व्यापारावरचा आपला लेख वाचला. विषय सहसा कोणी हाती घेत नाही, म्हणून आनंद वाटला. मात्र लेखातल्या भावाचा हिशेब बराच चुकला आहे, आणि चीनच्या ‘निर्यातबंदी’ची बातमी तर साप समजून भुई धोपटण्याचा प्रकार झाला.

आधी भाव. मॉलिब्डेनम ऑक्साइडचा भाव बाजारात डॉलर प्रति पौंड असा सांगतात, पण तो पौंड ऑक्साइडचा नसतो, त्यातल्या शुद्ध धातूचा असतो. समजा भाव 20 डॉलर आहे. भाजलेल्या तांत्रिक ऑक्साइडमध्ये साधारण 57 टक्के मॉलिब्डेनम असते. म्हणजे एक टन मालात 570 किलो धातू, अर्थात 1,257 पौंड. किंमत सुमारे 25,100 डॉलर. लेखात अख्ख्या टनाचे 2,205 पौंड धरल्यामुळे हाच आकडा 44,100 डॉलर झाला. पाऊणपटीने जास्त! फेरोमॉलिब्डेनमचे (लोखंड आणि मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातू, व्यवहारात ‘फेरोमोली’) माप आणखी वेगळे. तिथे भाव प्रति किलो, पण तोही आतल्या धातूचाच. पोलाद कारखान्यात येणाऱ्या फेरोमोलीत मॉलिब्डेनम 60 ते 75 टक्क्यांपर्यंत असते, त्यामुळे टक्केवारी न सांगता ‘टनाचा भाव’ सांगणे निरर्थक.

खरेदीतले बहुतेक तंटे याच टक्केवारीवरून होतात. 20 टनांच्या खेपेत विक्रेत्याच्या दाखल्यावर 65 टक्के आणि खरेदीदाराच्या चाचणीत 64 टक्के आले, तर फरक 200 किलो धातूचा. किलोला 46 डॉलर धरले तर 9,200 डॉलर. दोष बहुधा प्रयोगशाळेचा नसतो, नमुन्याचा असतो. फेरोमोली फोडून 10 ते 50 मिलिमीटरचे खडे करतात; खडे आणि खाली बसलेला चुरा यांची रासायनिक घडण एकसारखी असेलच असे नाही. ड्रमच्या वरच्या थरातून मूठभर खडे उचलले की अहवाल फसवा आलाच. म्हणून किती ड्रम उघडायचे, प्रत्येकातून वरून-मधून-खालून किती घ्यायचे, दोन अहवालांत किती फरक चालेल (उदाहरणार्थ 0.30 टक्के) आणि त्यापलीकडे गेल्यास पंच प्रयोगशाळा कोणती, हे करारातच लिहावे लागते. पंचाच्या निकालापासून ज्याचा आकडा जास्त दूर, त्याने चाचणीचा खर्च द्यायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे.

कच्चे सांद्र (खनिजातला मॉलिब्डेनमचा भाग वेगळा काढून केलेला, अजून न भाजलेला माल) विकत घेणाऱ्याची डोकेदुखी वेगळी. त्याचा हिशेब कोरड्या वजनावर होतो, पण त्यात पाण्याबरोबरच फ्लोटेशनमधले (खनिज फेसावर तरंगवून वेगळे करण्याच्या प्रक्रियेतले) तेलही राहिलेले असते. दोन्ही कसे मोजायचे आणि वजावट कशाची, हे ठरलेले नसेल तर प्रत्येक खेपेला वाद ठरलेला. ओलाव्याचा नमुना वजन करतानाच घ्यावा. दोन दिवसांनी घेतलेल्या नमुन्याला काही अर्थ उरत नाही.

भाव भडकला की पुरवठा का वाढत नाही, या प्रश्नाला लेखात बगल दिली आहे. उत्तर खाणीत आहे. जगातले निम्म्याहून अधिक मॉलिब्डेनम तांब्याचे उपउत्पादन म्हणून निघते; चिली आणि पेरूतले जवळपास सगळेच तसे. त्या खनिजात त्याचे प्रमाण टक्क्याच्या काही शतांशांइतके. मॉलिब्डेनम महागले म्हणून कोणी तांब्याची खाण जास्त खणत नाही, आणि ते स्वस्त झाले म्हणून बंदही करत नाही. भावाला प्रतिसाद देतात त्या केवळ याच धातूसाठी चालणाऱ्या खाणी: अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स व हेंडरसन, आणि चीनमधल्या काही. त्यामुळे मागणी थोडी हलली तरी भावाची उडी मोठी. 2008 च्या अखेरीस भाव काही आठवड्यांत पौंडाला 30 डॉलरच्या वरून 10 च्या आसपास कोसळला, तो असाच. तेव्हा जुन्या भावाने साठा करून बसलेल्यांचे हाल झाले. म्हणूनच पक्क्या दराऐवजी माल निघाल्याच्या किंवा त्यापुढच्या महिन्याच्या सरासरी दराने व्यवहार करणे अनेकांना बरे वाटते.

आता ती ‘बंदी’. चीनने 4 फेब्रुवारी 2025 रोजी टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम यांच्याशी संबंधित ठरावीक वस्तूंवर निर्यात नियंत्रण जाहीर केले. मॉलिब्डेनमपुरते बोलायचे तर त्यात आली ती क्षेपणास्त्रांच्या भागांसाठी वापरली जाणारी, 97 टक्के किंवा अधिक शुद्धतेची, 50 मायक्रॉन वा त्याहून बारीक भुकटी. तीही परवाना घेऊन पाठवता येते. 316 या प्रतीच्या स्टेनलेस पोलादामध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम लागते; ते फेरोमोली किंवा ऑक्साइडमधून येते, या भुकटीतून नव्हे. खऱ्या अर्थाने पोलादवाल्यांना झळ बसवली ती चीनच्या आधीच्या निर्यात शुल्कांनी आणि कोट्याने. जागतिक व्यापार संघटनेत 2014 मध्ये निकाल विरोधात गेल्यावर 2015 मध्ये ती दोन्ही उठली.

शेवटी लेखाखालच्या तक्त्याबद्दल. त्यात आयातीचे आकडे सरसकट बेरीज करून दिले आहेत. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात भाजलेले सांद्र (म्हणजेच तांत्रिक ऑक्साइड) 2613.10 या सदराखाली येते, न भाजलेले 2613.90, फेरोमोली 7202.70 आणि भुकटी 8102.10. चौघांतली धातूची टक्केवारी वेगवेगळी, त्यामुळे एकूण वजनांची बेरीज काहीच सांगत नाही. शिवाय तांत्रिक ऑक्साइड नावामुळे कधी कधी 2825.70 या रासायनिक ऑक्साइडच्या सदरात नोंदवले जाते आणि ते तक्त्यातून गळूनच जाते. प्रत्येक सदर आधी धातूच्या वजनात बदलून सुधारित तक्ता छापता आला तर पाहावे.

आपला,
मिश्रधातूंच्या खरेदी-व्यवहारातील एक वाचक